कोटाखालचे दत्तोबा

मी एक जुना संगणक आहे. कुसगावच्या एका फोटो स्टुडिओत, कोपऱ्यातल्या टेबलावर माझा मुक्काम. बारा वर्षांपूर्वी स्टुडिओचा मालक आदिनाथ याने मला पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणले.

मित्रांनो, माझ्या आत विंडोजची एक जुनी आवृत्ती राहते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातली कारभारीणच. कोणत्या प्रोग्रामला आत घ्यायचे, हे तीच ठरवते. तिच्या हाताखाली मी मावळातल्या कितीतरी नवरीमुलींचे फोटो उजळले. हल्ली मात्र मला कोणी हात लावत नाही. सकाळी शटर वर गेले की वाटते, आज माझे बटण दाबतील.

परवा दाबले, पण मला पुसण्यासाठी.

"जुन्या विंडोजला आता सुरक्षेची दुरुस्ती येत नाही," आदिनाथ म्हणाला. "त्याजागी लिनक्स टाकू. फुकट आहे, हलकी आहे."

"आपला अल्बमचा जुना प्रोग्राम चालेल का त्यात?" त्याच्या बायकोने, सारिकाने विचारले.

"तो कुणाला लागतोय आता? फोटो सगळे दुसरीकडे उतरवून घेतलेत."

तेवढ्यात मळवलीच्या झुंबरबाई पदराखाली फोटोची चौकट धरून आल्या. त्यांचे यजमान दत्तोबा गेल्या वर्षी वारले. गेलेल्या माणसाच्या फोटोला कोट-फेटा चढवायची आमच्या स्टुडिओची रीत. दत्तोबांनाही तो माझ्यावरच चढवला होता.

"ह्यो कोट काढ बाबा."

"मावशी, तुम्हीच म्हणाला होता, साहेबासारखं करा."

"म्हनले व्हते. रोज हार घालते, पन ह्या सायबासंगं बोलाया व्हत न्हाई."

आदिनाथने चौकट हातात घेतली. मूळ फोटो त्यानेच बैलगाडा शर्यतीत काढलेला. कॅमेऱ्याचे ते कार्ड त्याने पुढच्या लग्नाच्या फोटोंसाठी कधीच पुसले होते. उतरवून घेतलेल्या फोटोत कोट अंगाला चिकटलेला. कोटाखालचे दत्तोबा कोट-फेट्याचे थर वेगळे ठेवणाऱ्या माझ्यातल्या एकाच फाइलीत उरले होते, आणि ती त्या जुन्या प्रोग्रामातच उघडत होती.

त्याने पुसायचे थांबवून फाइल उघडली. माझा पंखा घरघरू लागला. कोटाचा थर निघाला, मग फेट्याचा. खाली मळकी बंडी, गुलालाने माखलेले कपाळ आणि हसताना दिसणारा पडका दात.

झुंबरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "कुटं व्हता इतकं दिस?" त्या पडद्याला म्हणाल्या.

आता सुरक्षेसाठी माझे इंटरनेट काढले आहे. आदिनाथ रोज एकेक जुनी फाइल उघडतो आणि कुठल्याही सिस्टिमवर उघडेल अशी करून ठेवतो. त्या संपल्या की मला पुसतील, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, नवी सिस्टिम जरूर निवडा. पण त्याआधी जुन्या संगणकाला विचारा, तुझ्याजवळ कोण राहिले आहे? माझ्याजवळ अजून पुष्कळ जण आहेत.