वेंडेलची शीळ

चर्चच्या पटांगणात अर्धं गाव जमलं होतं, पण मोठ्यानं श्वास घ्यायचीही कुणाची हिंमत नव्हती. मधोमध वेंडेल टॅकेटची जुनी हिरवी गाडी उभी होती, बॉनेट उघडं. आत त्याची विधवा, ऑर्फाकाकू. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं ते हीव भरल्यासारखं थडथडत, आणि आतून शीळ आली. बारीक, न तुटणारी. माझ्या अंगावर काटा आला.

“ऐका!” चर्चचा उपदेशक ब्रदर डेल्मर गरजला. “खाणीतून परतताना अशीच शीळ घालायचा ना वेंडेल? एकटा पडलाय बिचारा. सोबत हवीय त्याला!”

त्यानं इंजिनवर पांढरा रुमाल पसरला, हात खाली सरकवला, डोळे मिटले. शीळ थांबली. इंजिन मांजरासारखं घुरघुरू लागलं. हात काढताच पुन्हा थडथड, पुन्हा शीळ.

“ऑर्फा, गाडी आणि घर देवाच्या कामाला दे. नाहीतर तो घरातलंच कुणीतरी नेईल.”

काकूंची पोटुशी मुलगी लोरीन माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली.

तेवढ्यात डॉ. इमोजेन कटलिप गर्दीतून पुढे आल्या. काकू छातीच्या दुखण्यासाठी याच गाडीनं शहरात त्यांच्याकडे जायच्या. भीतीपायी ते जाणं बंद झालं, म्हणून डॉक्टर त्यांना शोधत आल्या होत्या.

“काकू, शीळ कधीपासून?”

“मयताच्या दिवसापासून. ब्रदरनी बॉनेट उघडून आशीर्वाद दिला, तेव्हापासून.”

डॉक्टरांनी स्टेथोस्कोपची चकती काढली आणि उघडी नळी इंजिनवर फिरवू लागल्या.

“भुताची नाडी बघताय का, डॉक्टरीणबाई?” डेल्मर हसला. पण त्याला घाम फुटला होता.

नळी कार्ब्युरेटरच्या खाली थांबली. “लोरीन, ये इकडे. पंख्यापासून हात लांब ठेव. इथं अंगठा दाब.”

“मी नाही! मला धरलं तर?”

“मी आहे ना.”

लोरीननं अंगठा दाबला. शीळ बंद. इंजिन शांत.

“तुझ्यात दैवी शक्ती आहे का गं?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे! मला धड उभंसुद्धा राहवत नाहीये.”

“कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोलचं माप राखतो,” डॉक्टर म्हणाल्या. “या भोकावर रबरी टोपी असते. ती काढली की इंजिन इथून फाजील हवा ओढतं. म्हणून थडथड, म्हणून शीळ. ब्रदर, रुमालाखाली तुमचाही अंगठाच होता ना? टोपी कुठाय?”

डेल्मर देवाचं नाव पुटपुटत मागे सरकला. मागे गर्दी होती. ती हलली नाही.

डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं रबरी बूच भोकात घट्ट बसवलं. लोरीनला शेजारी बसवून काकूंनी गाडी शहराच्या रस्त्याला लावली.

घाबरण्यात लाज नाही. मीही घाबरलो होतो. पण आपल्या भीतीच्या मोबदल्यात कुणी काही मागू लागला, तर देण्याआधी त्याला प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा.