अख्खं संत्रं

फोडी. वरच्या पांढऱ्या शिरासुद्धा काढलेल्या, बशीत गोल मांडलेल्या... घरची संत्र्याची बाग, सौंसर गावात पोराटोरालाही संत्रं सोलून कुणी देत नाही, आणि अनुराधाला मात्र संधिवात झाल्यापासून सहा वर्षं ही बशीच मिळते. धाकटी जाऊ वृषाली ती प्रेमानं आणून ठेवते. प्रेमानं, हेच तर अवघड. रागानं ठेवली असती तर सरळ परत सरकवता आली असती.

लोधीखेड्याहून आलेल्या सुधामावशी समोर बसून स्वतःचं संत्रं सोलत होत्या. त्यांनी वृषालीला विचारलं, "हिचं आता कसं हाय वं?"

"बोटं वळतच नाई, मावशी."

मी इथेच बसले आहे की, अनुराधा मनात म्हणाली. सकाळी सातला बोटं खरंच वळत नव्हती, ब्लाउजच्या हुकांपाशी वीस मिनिटं गेली – पण मग अंगणातल्या उन्हात ती सैल झाली, आणि हे कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. दुखणं रोज वेगळं असतं. लोकांची कीव तेवढी रोज तीच.

"माह्या नणंदेनं मेथीचे लाडू खाल्ले, आता धावून राहिली," मावशी म्हणाल्या. ही नणंद सहा वर्षं धावतेच आहे, एव्हाना नागपूर मागे टाकलं असेल, असं अनुराधाच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. त्या हसण्याबरोबरच इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर पडलं.

"वृषाली, मले अख्खं दे."

"ताई, बोटं दुखतीन ना."

"दुखली तर मी सांगीन. तू मले विचारत जा फक्त."

वृषालीचा चेहरा उतरला. तिनं टोपलीतून एक उचललं, पुढे केलं, मध्येच थांबली.

"सोलून... देऊ का?"

"आज नोको."

नख रुतेना. अंगठा ठणकला, साल चिंधड्या होऊन निघाली, रस कोपरापर्यंत ओघळला, मावशींचं दुसरंही संत्रं खाऊन झालं – आणि शेवटी ते तिच्या तळव्यावर होतं, ओबडधोबड, एका बाजूला फुटलेलं, सगळं तिचं. पहिली फोड तिनं वृषालीला दिली.

उद्या बोटं वळणारही नाहीत कदाचित. वृषाली विचारेल, की विसरेल... पण तिनं विचारलं तर "हो, दे सोलून" असंही म्हणता येईल, आणि तो होकारही माझाच असेल – हे आजवर कसं सुचलं नाही? हाताला संत्र्याच्या सालीचा वास येत होता, सहा वर्षांनी. हात धुवायला ती उठली नाही.