गोणीला लागलेला हात

"चंद्रावर असतात ना बाबा, तर अशा सहा गोण्या एका दमात उचलल्या असत्या तुम्ही," इदीर म्हणाला.

"मग मुकादमाला सांग, तिथंच घे म्हणावं परीक्षा," त्याच्याकडे न बघता हद्दू म्हणाला.

हद्दू माझा नवरा. फेझच्या जुन्या शहरात, जिथे गाडी शिरत नाही, तिथे त्याने जन्मभर ओझी वाहिली. इदीर आमचा मुलगा, शाळेत विज्ञान शिकवतो. बापाची जागा जायची वेळ आली आणि हा ग्रहगोल सांगत बसलेला. माझं डोकंच फिरलं.

चढावर हद्दूने ओझं मध्येच टेकवलं, ही चहाडी बास्सूने केली होती. हद्दूनेच त्याला हमालीला गावाहून आणला, वर्षभर तो आमच्या घरी जेवला, आणि आता हद्दूच्याच जागेवर डोळा. अस्तनीतला निखारा, दुसरं काय!

आमच्या हमालांची रीत अशी, की ओझं टेकवणाऱ्याने ऑलिव्हची भरलेली गोणी सगळ्यांदेखत चढाच्या टोकापर्यंत न्यायची. वाटेत गोणीला दुसऱ्याचा हात लागला, तर जागा गेली.

"काय मास्तर, एखादा भारी ग्रह पण असेल की?" बास्सूने विचारलं.

"आहे ना. गुरूवर हीच गोणी अडीचपट जड लागेल," आमचं शहाणं बाळ बोलून गेलं.

"मग काका आज गुरूवरच आलेत म्हणा."

सगळे फिदीफिदी हसले. इदीरने मान खाली घातली. हद्दूने गोणी पाठीवर घेतली आणि निघाला.

अर्धा चढ तो नेहमीसारखा गेला. शेवटच्या वळणावर त्याचा गुडघा लचकला. गोणी एका अंगाला कलली. मागे चालणाऱ्या इदीरने तिला खालून तळवा लावला.

"हात लागला," बास्सू म्हणाला.

मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला, "हद्दू, उतरव गोणी. तुझी जागा आता बास्सूची."

"मी उचललं नाही हो, नुसता हात लावला," इदीर रडवेला झाला. "बाबा पडले असते."

"पडलो असतो, तर माझा मी पडलो असतो," हद्दू म्हणाला. "हमालाचं पोर ना तू? तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं. त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मी बास्सूच्या सात पिढ्या उद्धारल्या, तो कपाळावर ओझ्याचा पट्टा चढवत राहिला.

आम्ही घरी निघालो. इदीर बराच मागे राहिला. अरुंद गल्लीत मागून "बाजू, बाजू" अशी आरोळी आली. बास्सू तीच गोणी घेऊन येत होता. लोक भिंतीला चिकटले. हद्दू मात्र मधोमध चालत राहिला. ही आरोळी आपल्यासाठी आहे, हे त्याला कळेचना. शेवटी मीच त्याची बाही ओढून त्याला भिंतीशी घेतलं.