शेवटच्या थांब्यावरची बाई

शिवणकारखान्याच्या फाटकाशी सगळी पाळी गोळा झाली होती. मधोमध कामगारांची व्हॅन आज निघण्याआधीच मुडद्यासारखी पडलेली आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे महाराज.

"लोखंडालाही जीव असतो, लेकरांनो! दिवे, पंखा, गाणी, सगळं बंद करा. तिला शांतता हवी."

अर्धा तास पुटपुटून झाल्यावर ते ड्रायव्हरला म्हणाले, "फिरव किल्ली."

व्हॅन खाकरली आणि सुरू झाली! लोकांनी हात जोडले. ड्रायव्हर तर रडायचाच बाकी राहिला.

"पण महाराज, संध्याकाळीच का बंद पडते?"

"गाडीत शेवटी कोण उरतं, ते बघ."

सगळ्यांच्या माना काज-बटण करणाऱ्या बाईकडे वळल्या. तिचं घर शेवटच्या थांब्यावर. याआधी आठवड्यात तीनदा गाडी वाटेत बंद पडली, तिन्ही वेळा आत ती एकटीच होती.

"हिची सावली टाळा, गाडी पळेल," म्हणून महाराज मोकळे झाले.

मागे उभा असलेला गॅरेजचा मिस्त्री आणखी मागे सरकला. व्हॅनच्या वायरिंगची कामं त्याच्याकडेच. महिन्यापूर्वी ड्रायव्हर तक्रार घेऊन आला, तेव्हा त्याने "बॅटरी गेली" म्हणत नवी बसवून दिली होती. ती चार्ज होते की नाही, हे मीटर लावून दोन मिनिटांत कळलं असतं. पण जेवायची वेळ झाली होती आणि मीटर पेटीतच राहिला.

आता तोंड उघडावं, तर गावभर शोभा. तो गुपचूप घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून बाईला गाडीत घेणं बंद झालं. शेवटचा थांबा टळला, फेरी लहान झाली आणि गाडी बंद पडेना. महाराजांचा भाव वधारला. बाई मात्र रोज दोन तास चालत गॅरेजवरून जायची. ती दिसली की मिस्त्री इंजिनात डोकं खुपसायचा. सहाव्या दिवशी ती चपला हातात घेऊन चालली होती, टाचेला चिंधी बांधून. त्या रात्री त्याने भरलं ताट बाजूला सारलं.

बायकोने खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"मग मला काय सांगताय? फाटकाशी जाऊन सांगा की!" ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने फाटकाशी सगळ्यांसमोर व्हॅन अडवली आणि बॅटरीला मीटर लावला.

"बघा. इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या आसपास हवं. इथे जेमतेम बारा." त्याने इंजिनाच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं, तो लोंबत फडफडत होता. "हा ढिला, म्हणून डायनॅमो नीट फिरत नाही आणि बॅटरी भरत नाही. दिवसा निभावतं. संध्याकाळी दिवे, पंखा, गाणी चालतात आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बॅटरी संपते. या ताई तेव्हा गाडीत असतात, कारण त्यांचं घर तिथे आहे! दुसरं काही नाही."

"मग महाराजांनी कशी सुरू केली?" ड्रायव्हरने विचारलं.

"सगळं बंद करून अर्धा तास विसावा दिला. दमलेली बॅटरी तेवढ्यावर एखादा झटका देते. तुझ्यासमोर लाल दिवा लागत नव्हता?"

ड्रायव्हर ओशाळला. "डोळ्यांत खुपायचा. मी त्यावर महाराजांचा फोटो चिकटवला."

मिस्त्रीने फोटो सोलला. खाली बॅटरीचा लाल दिवा जळत होता. कोणीतरी फिस्सकन हसलं.

इंजिन बंद करून त्याने पट्टा ताणला. पुन्हा सुरू केल्यावर मीटर चौदावर गेला. मग तो बाईकडे वळला. "चूक माझी होती, ताई."

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी. महाराज बोलले तेव्हाच."

"आणि मी सहा दिवस चालले."

मिस्त्रीने मीटर पेटीत ठेवला. तो गर्दीला एवढंच म्हणाला, "गाडी अडली तर पट्टा बघा, तारा बघा. माणसाला अपशकुनी ठरवू नका. आणि खरं कारण ठाऊक असेल, तर माझ्यासारखं तोंड शिवून बसू नका."

बाई व्हॅनमध्ये चढली आणि पुढच्या सीटवर बसली. जाताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.