मोडबाईचं रद्दपत्र

काहीही मोडायचं असलं की लोक सरळ मोडबाईकडे यायचे. नाव भयंकर, पण बाई तशी नव्हती हो! तिच्या आत्याचं दस्त लिहून द्यायचं दुकान होतं. रस्त्याला लागून एक खोली, एक खिडकी, दोन टेबलं आणि खडखडणारा टाइपरायटर. माणसं जुळली की करार आत्या लिहायची, फाटलं की तो मोडायचं काम भाचीचं. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात जाम मजा यायची.

मोडण्याचे सगळे शब्द तिला तोंडपाठ होते, आणि एकाच्या जागी दुसरा वापरलेला तिला अजिबात खपायचा नाही. "अर्ज मागे घेतात, काका. ठराव फिरवतात. भाडेकरार संपुष्टात आणतात. मृत्युपत्र रद्द करतात. आणि हुकमाचं तुम्ही काही म्हणजे काही करू शकत नाही, तो वरचा साहेब स्थगित करतो. आता नीट सांगा, तुमचं नक्की काय मोडलंय?" काका बिचारे घाबरून म्हणायचे, "बसायला खुर्ची आहे का?"

पण तिचा आवाज खरा चढायचा तो सह्यांवरून. परवाच एक शिंपी भागीदारी मोडायला आला आणि त्याने भलतीकडेच सही ठोकली. झालं! "अहो, उजवीकडे पक्षकार, डावीकडे खाली साक्षीदार! ज्याचा करार तोच स्वतःचा साक्षीदार कसा होईल? कागद बाद! पुन्हा लिहा!" असं म्हणून तिने तो टर्रकन फाडला. दिवसातून तीन-चारदा तरी हे चालायचं, आणि रस्त्यापलीकडच्या कुलूपवाल्याच्या दुकानापर्यंत शब्द न् शब्द ऐकू जायचा.

या कुलूपवाल्याशीच तिचं लग्न ठरलं होतं, पंधरा दिवसांवर आलं होतं. दोन वर्षं तो रोज दुपारी तिच्या खिडकीखालच्या बाकावर डबा खायचा. बोलायचा कमी, हसायचा जास्त. लग्न ठरलं तेव्हा दोघांनी हौसेने चक्क करार लिहिला होता, अकरा कलमांचा. सातवं कलम तिचं लाडकं: मोठा निर्णय कुणीही एकट्याने घ्यायचा नाही.

आणि हा पठ्ठ्या सोमवारी डबा उघडता उघडता म्हणतो, "मी दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. आपल्याला."

घेतल्या! न विचारता! मोडबाईच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. सातवं कलम झालं, तिसरं झालं, त्याच्या हिरव्या डब्यापर्यंत सगळं निघालं. तो आपला हातात घास धरून नुसता ऐकत राहिला. ती तशीच तणतणत आत गेली, टाइपरायटरवर बसली आणि तिने आयुष्यातलं सगळ्यात देखणं रद्दपत्र लिहिलं: "सदर विवाहाचा करार आजपासून रद्द, बातल, निरस्त, निष्प्रभ आणि मुळात कधी झालाच नव्हता असा समजावा." वाक्य इतकं झकास जमलं की तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग स्वतःची सही केली, रस्ता ओलांडला आणि कागद त्याच्या टेबलावर आपटून आली.

मंगळवारी सकाळी जाग आली तेव्हा राग कुठल्या कुठे गेला होता. अगं बाई, हे काय करून बसले मी! दोन खोल्या, त्याही दुकानावरच, म्हणजे तिच्या खिडकीसमोर. वेड्याने किती विचार करून घेतल्या असतील!

आता आत्याचा नियम असा: समोरच्याने सही करेपर्यंत रद्दपत्र मागे घेता येतं. दोन्ही सह्या झाल्या की दुकान बंद करताना आत्या ते मोडलेल्या करारांच्या वहीत चिकटवते, आणि एकदा डिंक लागला की देव आला तरी पान निघत नाही. म्हणजे मोडबाईने फक्त रस्ता ओलांडून "दे तो कागद परत" म्हणायचं होतं. चार शब्द. पण ज्या बाईने अकरा वर्षं गिऱ्हाइकांना "कागद म्हणजे पोरखेळ वाटला का?" असं सुनावलंय, तिच्या तोंडून ते चार शब्द कसे फुटायचे?

तरी ती गेली. घरातलं धडधाकट कुलूप घेऊन. त्याने किल्ली फिरवून पाहिली, तेलाचा थेंब सोडला. "काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "हं," ती म्हणाली, आणि कुलूप घेऊन परत आली. बुधवारी दुसरं कुलूप नेलं. तेही ठणठणीत! आत्या म्हणाली, "बये, आता काय दार उचलून नेणारेस?"

गुरुवारी दुपारी पाकीट आलं. आत्याने फोडून आत डोकावलं. "सही झाली गं," म्हणाली आणि पाकीट ट्रेमध्ये ठेवून दिलं.

केली! मुकाट्याने सही केली! पाकिटाला हात लावायचीही मोडबाईची हिंमत होईना. तिने टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला. रद्दपत्राचं रद्दपत्र लिहू या! "सदर रद्दपत्र रद्द..." छे, हे तर लहान मुलाने लिहिल्यासारखं वाटतंय. "निरस्तीकरण निरस्त..." जिभेला गाठ पडेल. "बातल केलेलं बातल..." एवढे शब्द पाठ, आणि ऐन वेळी एकही कामाचा नाही! चौथा कागद चुरगळताना तिला धड रडूही येईना, धड हसूही.

पाच वाजले. आत्याने वही काढली, डिंकाची बाटली काढली. मोडबाईने बाटलीवर झडप घातली.

"सोड!"

"नाही सोडणार!"

"अगं, सांडेल!"

सांडलाच. टेबलावर, वहीवर, आत्याच्या बाहीवर. आत्याने कपाळावर हात मारला, तर तो कपाळालाच चिकटला! मोडबाई खो खो हसत सुटली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "आत्या, मला नाही मोडायचं गं लग्न. मला तोच हवाय."

आत्या दुसऱ्या हाताने चष्मा चढवून कागद बघत होती. तिच्या भुवया वर वर जायला लागल्या. "कसल्या बावळटाशी लग्न करत्येस तू? याने साक्षीदाराच्या जागी सही केल्ये!"

मोडबाईने कागद ओढून घेतला. उजवीकडे तिच्या सहीशेजारची त्याची जागा कोरी. डावीकडे खाली, ठळक, वळणदार, जराही न थरथरता केलेली सही.

ती डिंकाच्या हातांनीच रस्ता ओलांडून धावली. कुलूपवाला किल्ली घासत होता. तिने कागद त्याच्यासमोर धरला. धरला कसला, हाताला चिकटलेलाच होता!

"ही काय जागा झाली सही करायची? दोन वर्षं ऐकतोयस ना माझी बडबड?"

"दिवसातून चारदा," तो म्हणाला.

"मग?"

त्याने खण उघडून आणखी एक कागद काढला. खोल्यांचा भाडेकरार. भाडेकरूंच्या दोन जागा, एकीवर त्याची सही, दुसरी कोरी. "तुझ्या सहीशिवाय हाही बादच होता. सोमवारी तेच सांगणार होतो, पण मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही."

"आणि हे?" तिने चिकटलेला हात हलवला.

"हे बरोबरच आहे," कुलूपवाला म्हणाला. "ते भांडण तुझं एकटीचं होतं. मी तिथे नुसता साक्षीदार होतो."