बाल्कनीतलं ताट

"द्वारकाताई, आज चहा तीन कप," कातिया मॅडम म्हणाल्या. "आजी आली आहे."

द्वारकानं बाल्कनीत डोकावून पाहिलं. तिथं चिटपाखरू नव्हतं. दार तिनंच आतून लावलं होतं, आणि मजला अकरावा. मॅडम जर्मनीहून खराडीच्या आयटी कंपनीत आल्या त्याला जेमतेम दोन महिने झालेले, मराठीचा क्लास चालू. एकटं माणूस भिंतींशीही बोलतं, असं द्वारकाला वाटलं.

"कोन आजी, मॅडम?"

"दुपारी येते. खुर्ची नको म्हणते, खाली बसते, एक पाय लांब करून. हात दाखवते. इथं माझा कांदा, तिथं विहीर. नाव प्रेमला."

द्वारकाच्या हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं.

प्रेमलाबाई तिची सासू. जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही इमारत त्यांच्याच रानात उभी होती. रान विकायचं नाही म्हणून म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी बिल्डरच्या हिंमतरावांनी कागद पुढे केला आणि द्वारकानं सासूचा अंगठा धरून त्यावर टेकवला. पैसा आला, नवऱ्यानं चार दिवस मिरवला, आणि संपला. आता ती आपल्याच रानावर परक्यांच्या पोळ्या लाटत होती. पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्या दिवसापासून म्हातारीनं सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मरतानाचा घोटही शेजारच्या मालनबाईनं पाजला. द्वारकाला ते अजून सलत होतं.

"काय मागत्यात का त्या?" तिनं हळूच विचारलं.

"भूक लागली म्हणते. मी ब्रेड दिला. तिनं तोंड वाकडं केलं."

मॅडमना भाकरीचं भारी अप्रूप, म्हणून घरात ज्वारीचं पीठ होतं. द्वारकानं भाकरी थापली, मिरचीचा ठेचा केला. भाकरीची कड फाटली, ती तिनं तशीच ताटात ठेवली. मॅडम ताट घेऊन बाहेर गेल्या.

मिश्रीचा वास आला, सासू दातांना लावायची तीच. या घरात मिश्री कुठून येणार? द्वारका जागची हलली नाही.

मॅडम परत आल्या. "आजी विचारते, भाकरी कोणी केली?"

द्वारकाच्या ओठांवर स्वतःचं नाव आलं होतं. ते तिनं गिळलं.

"तुमी केली म्हना."

मॅडम गोंधळल्या, पण गेल्या.

"द्वारकाताई," मॅडमनी बाहेरूनच हाक मारली, "आणखी अर्धी पाहिजे म्हणते."

द्वारकानं पदरानं डोळे पुसले आणि परातीत पीठ घेतलं.