गार पाणी ओतणाऱ्या मुली

मी एक जुना, पोटाला पोचे आलेला तांब्याचा बंब आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी बंब पाहिलाही नसेल. तुम्ही भिंतीवरचं बटण दाबता आणि नळाला कढत पाणी येतं. माझ्या काळी असं नव्हतं. माझ्या पोटातून मधोमध एक नळकांडं जातं. त्यात करवंट्या आणि निलगिरीच्या काटक्या पेटवायच्या, भोवतालचं पाणी तापवायचं आणि ते तोटीतून बादलीत घ्यायचं. थोडक्यात, मी पोटात आग ठेवून दुसऱ्यांना ऊब देणारा प्राणी आहे. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तापट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म बेळगावात एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. भाग्यलक्ष्मीबाईंच्या लग्नात माहेरच्यांनी मला त्यांच्या संसारात धाडलं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, म्हणजे अप्पासाहेबांनी, बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीच्या पलीकडे एक छोटी निवासी शाळा काढली. तेव्हा आजूबाजूला द्राक्षांचे मळे होते. आता प्लॉट पडले आहेत आणि डोक्यावरून सारखी विमानं जातात. शाळा मात्र अजून एवढीशीच आहे. मला मुलींच्या न्हाणीपुढच्या अंगणात, दगडी हौदाशेजारी बसवलं आणि तिथेच माझं सगळं आयुष्य गेलं.

काय सकाळ असायची ती! धुकं हौदावर उतरलेलं असायचं. यल्लव्वा अक्का, म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या सर्वेसर्वा, माझ्या पोटात काटक्या कोंबत खोकत बसायच्या. मग एकेक मुलगी डोळे चोळत रांगेत यायची. कुणी पाढे म्हणायची, कुणी ओले मोजे माझ्या पाठीवर वाळत टाकायची, कुणी राखेत रताळं पुरून ठेवायची आणि ते भलतीच खाऊन जायची. त्या रांगेत कितीतरी भांडणं झाली आणि कितीतरी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. आमच्या शाळेत कुणी कन्नड बोलायचं, कुणी मराठी, कुणी दोन्ही मिसळून. थंडीने दात वाजायला लागले की सगळ्यांची भाषा एकच व्हायची.

त्या रांगेचा एक नेम होता. आपली बादली भरली, की हौदातलं तेवढंच गार पाणी माझ्या तोंडात ओतायचं आणि मगच न्हाणीत जायचं. म्हणजे तुम्ही ओतलेलं पाणी तुमच्या वाट्याला येतच नाही, ते मागचीसाठी तापतं. हा नेम कुठे लिहिलेला नव्हता. भिंतीने सांगितला नाही, सरांनी सांगितला नाही. पुढचीचं बघून मागची शिकायची, एवढंच.

आणि तिथेच घोटाळा झाला.

गेल्या वर्षी भूमिका नावाची मुलगी पुण्याहून आली. तिच्या आईबाबांना बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात नोकऱ्या लागल्या होत्या. दोघांचा निम्मा दिवस ऑफिसात आणि उरलेला रस्त्यावरच्या गर्दीत जायचा, म्हणून लेकीला आमच्याकडे ठेवलं होतं. कन्नड येत नाही, म्हणून ती गप्प. मराठी बोलली की मुली तिच्या पुणेरी हेलाला हसायच्या, म्हणून आणखी गप्प. रांगेत ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून उभी राहायची, पुढची काय करते हे बघायचीसुद्धा नाही. शेवटचीच्या मागे कुणी नसतं, त्यामुळे तिने पाणी ओतलं नाही हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका रविवारी मात्र केस धुवायला ती पहिली आली. अक्का बाजाराला गेल्या होत्या. भूमिकाने एक बादली भरून नेली, मग दुसरी, मग तिसरी. ओतलं मात्र थेंबभरही नाही. मागे लहान वर्गातल्या मुली होत्या, एरवी त्यांच्या बादल्या अक्काच भरून द्यायच्या; त्यांनीही तेच केलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. पण पुढचीला ठेचच लागली नाही, तर मागच्या शहाण्या कशा होणार? माझ्या पोटातलं पाणी खाली खाली गेलं आणि खालून जाळ तर धडधडत होता. मी ओरडू शकत नाही हो, मित्रांनो! नळकांड्याचा सांधा सुटला, उरलेलं पाणी निखाऱ्यांवर पडलं आणि वाफ नि राखेचा असा लोट उठला की मुली किंचाळत पळाल्या. कुणाला भाजलं नाही, हे नशीब.

अक्का पिशवी टाकून धावत आल्या. "अगं बाई! पानी कुनी ओतलं न्हाई?"

भूमिका ओल्या केसांनी तशीच उभी होती. "मला वाटलं, ते आपोआप भरतं," ती म्हणाली. "आमच्याकडे भरतं."

"ह्यो काय गीझर हाय व्हय?" मागून धनलक्ष्मी कडाडली. ही निपाणीकडची, रांगेची पुढारी, जिभेला हाड नसलेली पोर. झालं, त्या दिवसापासून भूमिकाचं नाव 'गीझर' पडलं. जेवताना गीझर, खेळताना गीझर. गरम पाणी आता स्वयंपाकघरातून पातेल्याने आणावं लागे आणि प्रत्येक खेपेला मुलींना तिची आठवण होई.

ऑफिसची खिडकी माझ्या अंगणात उघडते. शनिवारी भूमिका फोनवर हुंदके देत बोलली, ते मी ऐकलं. "बाबा, मला इथे नाही राहायचं. सगळ्या मला चिडवतात. प्लीज, मला घेऊन जा ना."

तिचे बाबा, संग्राम त्यांचं नाव, पुष्कळ वेळ समजावत असावेत. शेवटी ठरलं, की दिवाळीच्या सुट्टीला न्यायला येतील तेव्हा सगळं सामानच घेऊन जायचं. मला फार वाईट वाटलं. फुटलो होतो मी आणि शाळा सुटणार होती तिची.

अप्पासाहेबांनी मला टेंपोत घालून बेंगळुरूच्या चिकपेट बाजाराजवळच्या गल्लीत पाठवलं. तिथल्या कारागिराने सांधा जोडला आणि बजावलं, की तांबं झिजलंय, रोजचा जाळ आता सोसायचा नाही. एका सणापुरता चालेल, बस्स. गच्चीवर सौर पाट्या बसवायचं ठरलं. म्हणजे ती दिवाळी माझी शेवटचीच होती.

आमच्या शाळेत दिवाळी आठ दिवस आधी येते, कारण मुली घरी जायच्या आत ती व्हायला हवी! आदल्या संध्याकाळी 'नीर तुंबो हब्ब', म्हणजे पाणी भरायचा सण. मला चिंचेने घासतात, अंगावर चुन्याचे नि कावेचे पट्टे ओढतात, गळ्यात झेंडू आणि कारेट्याचा वेल बांधतात. एरवी राखेत बसणारा मी, त्या दिवशी नवरदेव असतो! मग पहिली कळशी ओतायचा मान शाळेत सगळ्यांत नवी आलेल्या मुलीचा.

त्या संध्याकाळी सगळ्या जमल्या आणि चुळबुळायला लागल्या. नवी कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कुठे दिसत नव्हती. शेवटी स्मिता नावाच्या मुलीने कळशी उचलली. "मी ओतू का, अक्का?"

"ठेव ती खाली," धनलक्ष्मी म्हणाली. "तू काय नवी हाईस?"

ती तरातरा गेली आणि वाळत घातलेल्या चादरींमागून भूमिकाला हाताला धरून घेऊन आली. भूमिका मागे ओढत होती. "नको ना! मीच तर फोडला तो."

"मग?" धनलक्ष्मीला खरंच कळेना. "फोडलास म्हणून तू नवी न्हाईस व्हय?"

अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि धुराला शिव्या दिल्या. धूर तर अजून झालाच नव्हता!

भूमिकाने कळशी उचलली. निम्मं पाणी तिने माझ्या नव्या पट्ट्यांवरच सांडलं. ओतून झाल्याबरोबर ती खाली वाकून बघायला लागली, गळतंय का. तिच्यामागे धनलक्ष्मी वाकली, मग स्मिता, मग सगळ्याच. माझ्या पोटाखाली नुसती डोकी. एक थेंबही पडला नाही.

"सरी, झालं बरं!" अक्का ओरडल्या. "आता उठा, न्हाईतर तिथंच दिवाळी करशिला!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जीव ओतून तापलो. अक्कांनी एकेकीला तेल लावून, रगडून, न्हाऊ घातलं. भूमिका न्हाली तेव्हा धनलक्ष्मी बाहेरून ओरडत होती, "लवकर गं गीझर, माझं तेल सुकाय लागलं!" आणि आतून चक्क हसण्याचा आवाज आला.

दुपारी संग्राम आले. मोठ्या रिकाम्या पिशव्या घेऊन आले होते बिचारे. भूमिकाचे कपडे, बूट, पुस्तकं गाडीत गेली. शेवटी ते तिची गादी गुंडाळायला लागले.

"ती राहू दे, बाबा," भूमिका म्हणाली.

"राहू दे? अगं, आपण सगळंच न्यायचं ठरलं होतं ना?"

"हो. पण अक्का सुट्टीत गाद्यांना ऊन दाखवतात. माझी नसली तर त्यांना वाटेल, मी गेले."

संग्रामांनी गुंडाळलेली गादी हळूच परत पसरली.

त्याच सुट्टीत सौर पाट्या बसल्या. आता नळाला कढत पाणी येतं, रांग लागत नाही. माझ्या पाठीवर हल्ली छत्र्या लटकतात. गरज सरो, वैद्य मरो! जाऊ दे. मुलींना सुख झालं, मी कशाला कुरकुर करू? फक्त धुक्याच्या सकाळी ती रांग आठवते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, आम्हाला तेवढंही पुरतं. पण माझं खरं मागणं निराळं आहे. कुणाच्या हातून काही फुटलं, तर रागवा, चिडवा, हवं तर नावं ठेवा. त्याची जागा मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. फुटलेलं तांबं चिकपेटला जोडून मिळतं. गेलेलं माणूस कुठे जोडून आणणार?

त्या सुट्टीत वसतिगृह अगदी सामसूम होतं. अक्कांनी एके दिवशी सगळ्या गाद्या काढून अंगणात माझ्या पुढ्यात उन्हाला टाकल्या आणि काठीने झोडपत बसल्या. मी एकूण एक गादी ओळखतो. एकही कमी नव्हती.